नोंदणीकृत पदवीधर

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून येतात. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिवही तेथे असतात. संशोधक विद्यार्थ्यांसाठी मात्र वेगळी जागा नाही.

मी पीएच.डी. करीत असताना आमचे विद्यावेतन ७ महिने रखडले, तेव्हा आम्ही एका पदवीधर सदस्यांकडे गेलो. निवेदन मी लिहिले होते. ज्ञाननिर्मिती, विद्यापीठाचे सामाजिक उत्तरदायित्व असे सारे त्यात आणले होते. सदस्यांनी ते चाळून विचारले, "तुमची नावे मतदारयादीत आहेत का?" एकाचेही नव्हते. पदवीधर आम्ही सारेच होतो. नोंदणी कोणीच केली नव्हती.

बाहेर आल्यावर एक मैत्रीण म्हणाली, "यात माझ्या थकलेल्या खोलीभाड्याचा उल्लेखच नाही."

त्या वेळी माझ्या प्रबंधात एक प्रकरण कादंबरीतील प्रतिनिधित्वावर होते : कोण कोणाच्या वतीने बोलतो आणि त्या बोलण्यातून काय गळून जाते. मतदारयादीत आम्ही नव्हतो, तशीच माझ्या निवेदनात ती नव्हती.

आम्ही नोंदणीचे अर्ज भरले. पुढचे निवेदन तिने लिहिले. त्याच्या पहिल्याच ओळीत खोलीभाडे होते.