कालव्यांच्या शहरात चौघे सोबती

मंडळी, कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? धरणातून सुटलेले पाणी, पाटकऱ्याची वाट बघणारा शेतकरी आणि रात्री दोनला येणारी पाळी. कालवा म्हणजे पाणी आणणारा, एवढेच आपल्याला ठाऊक. पण कालवे खणून पाण्याला बाहेरची वाट दाखवणारी माणसेही या जगात आहेत. नेदरलँड्स, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो, तो त्यांचा देश आणि अ‍ॅमस्टरडॅम हे त्यांचे शहर.

या शहरात आम्ही चौघे मित्र चार दिवस हिंडून आलो. गुरुजी, अण्णा, तात्या आणि मी. गुरुजींचा मुलगा तिकडे संगणकाच्या नोकरीत आहे. शहराला लागूनच अ‍ॅमस्टेलव्हीन म्हणून गाव आहे, तिथे आपल्या देशातली पुष्कळ कुटुंबे राहतात. त्यानेच धोशा लावला, "बाबा, एकटे येऊ नका, काकांनाही घेऊन या." ऊस कारखान्याला गेला होता, हळदही घरात आली होती. एप्रिलअखेर आम्ही निघालो. घरच्यांनी भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू असे बांधून दिले, जणू चार दिवसांत तिकडे दुष्काळच पडणार होता.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. अण्णांचे आणि तात्यांचे रान बांधाला बांध लावून आहे. तात्यांचे वरच्या अंगाला, अण्णांचे खाली. तात्यांच्या रानात पाणी साचून जमीन चोपण होत चाललेली. चर काढून निचरा करायचा तर तो अण्णांच्या रानातूनच ओढ्याला न्यावा लागणार. अण्णा म्हणत, "माझं दोन गुंठं जातंय त्याचं काय?" तात्या म्हणत, "माझं दोन एकर जातंय त्याचं काय?" चार वर्षे असेच चालले होते. एकमेकांच्या घरी चहा व्हायचा, पण चराचा विषय निघाला की दोघेही मुके.

विमान उतरले तेव्हा गुरुजींच्या मुलाने हसत विचारले, "काका, तुम्ही आता कुठं उभे आहात, माहीत आहे?"

"विमानतळावर. दुसरं कुठं?"

"तळ्याच्या तळाशी."

खरेच होते ते. हा विमानतळ समुद्राच्या पातळीपेक्षा तीन-चार मीटर खाली आहे. पूर्वी तिथे प्रचंड तळे होते. १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या इंजिनांवर तीन ठिकाणी पंप चालवून त्यांनी ते उपसले आणि सुमारे १८ हजार हेक्टर जमीन कोरडी केली. तात्यांनी बुटाची टाच जमिनीवर दोनदा आपटून बघितली आणि अण्णांकडे न बघताच म्हणाले, "अख्खं तळं उपसलं म्हणं. हितं एक चर निघंना."

दुसऱ्या दिवशी नावेतून शहर पाहिले. १६१३ पासून खणलेले तीन मोठे कालवे शहराला गोल वेढून आहेत, शेतातल्या वाफ्यांसारखे एकाबाहेर एक. पाण्याचा निचरा आणि मालाची ने-आण दोन्ही कामे त्यांनीच केली. काठावरची घरे अरुंद आणि उंच. जिने असे उभे की शिडीच म्हणावी. म्हणून प्रत्येक घराच्या शेंड्याला एक आकडा असतो. कपाट, पलंग सारे दोराने वर ओढून खिडकीतून आत घ्यायचे. सामान भिंतीला घासू नये म्हणून घरेसुद्धा थोडी पुढे झुकती बांधलेली. अण्णा म्हणाले, "आपल्याकडं असं घर झुकलं तर लोकं बायकापोरांसकट बाहेर पळतील."

जमीन भुसभुशीत, म्हणून जुनी घरे लाकडी खांबांवर उभी आहेत. गावचौकातला राजवाडा १६४८ साली नगरपालिकेसाठी बांधायला घेतला, त्याच्याखाली १३,६५९ खांब आहेत. लाकूड पाण्याखाली असेपर्यंत कुजत नाही, हवा लागली की कुजते. म्हणजे पाणी वाढले तरी पंचाईत, उतरले तरी पंचाईत!

सायकलींबद्दल काय सांगावे! देशात माणसे सुमारे १ कोटी ८० लाख आणि सायकली २ कोटी ३० लाखांच्या आसपास. लेकुरवाळ्या बाया पुढच्या पेटीत दोन पोरे बसवून भरधाव जातात. रस्ता ओलांडताना मोटारीचे भय वाटले नाही, सायकलींनी मात्र घाम काढला. कितीतरी सायकली कालव्यात पडतात आणि त्या काढायला खास यारीची बोट असते. तिथली माणसे गमतीने म्हणतात, आमचा कालवा तीन मीटर खोल, एक मीटर गाळ, एक मीटर सायकली आणि एक मीटर पाणी.

तिसऱ्या दिवशी पहाटे आल्समीरला फुलांचा बाजार पाहिला. हा बाजार फूल उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा आहे. लिलावाची तऱ्हा मात्र उलटी. घड्याळावर भाव वरून खाली येत जातो आणि जो आधी बटण दाबील त्याचा माल. आता पुष्कळ व्यापारी घरी बसून संगणकावरच दाबतात. अण्णांना काळजी वाटली. "आपल्या हळदीच्या सौद्यात भाव चढतो, हितं उतरतोय. शेतकऱ्याला काय उरणार?"

"काका, फार वाट बघितली तर दुसरा उचलतो. त्या भीतीनं लवकर दाबतात," मुलगा म्हणाला.

त्याच दुपारी त्याने आम्हाला नगरपालिकेच्या इमारतीत नेले. तिथे काचेचे तीन खांब आहेत आणि आत पाणी. दोन खांबांत समुद्राची पातळी दाखवतात. तिसऱ्यातले पाणी आमच्या डोक्याच्या कितीतरी वर, साडेचार मीटरवर. १९५३ च्या पुराची ती खूण. ३१ जानेवारीच्या रात्री वादळात समुद्राने नैर्ऋत्येकडचे बांध फोडले आणि त्या देशात १,८३६ माणसे गेली.

आम्ही चौघेही गप्प झालो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई आमच्या उंबऱ्याच्या आत आली होती. अण्णांची म्हातारी आई तेव्हा तात्यांच्या माळ्यावर आठ दिवस होती. त्या काचेपुढे उभे राहून दोघांनाही तेच आठवले असावे.

बाहेर आल्यावर मुलाने एक जुनी रीत सांगितली. तिथे पूर्वी ज्याची जमीन त्याने आपल्या वाट्याचा बांध राखायचा. ज्याला ते झेपेना, त्याने बांधात खोरे रोवायचे आणि जमीन सोडून चालू लागायचे. जो ते खोरे उपटील त्याची ती जमीन, पण बांधाची जबाबदारीही त्याचीच. कारण एकाचा बांध फुटला तर सगळे गाव बुडते. यातूनच तेराव्या शतकापासून पाण्याची मंडळे उभी राहिली. आज अशी २१ मंडळे आहेत. दर चार वर्षांनी लोक मतदान करून माणसे निवडतात, शेतकऱ्यांसाठी काही जागा राखीव असतात आणि पाण्याची वेगळी पट्टी सगळे भरतात. राजकारण तिथेही आहे, भांडणेही आहेत. पण पाणी कुठून जाणार हा प्रश्न ते एकट्या-दुकट्याच्या मर्जीवर सोडत नाहीत.

रात्री सूनबाईंनी पिठले-भाकरी केली. जेवण झाल्यावर भडंगाची पुडी सुटली. बराच वेळ कोणी बोलेना. मग अण्णाच म्हणाले, "तात्या, खोरं कुणी रोवायचं, तू का मी?"

तात्या म्हणाले, "रोवायचं कशाला? खणायला घेऊ."

गुरुजींनी लगेच कागद पुढे ओढला. उघडा चर काढण्याऐवजी भोके पाडलेले पाइप जमिनीखालून ओढ्यापर्यंत न्यायचे, म्हणजे अण्णांचे दोन गुंठेही पिकाखालीच राहतील, असे ठरले. खर्च तात्यांचा, खोदाईला दोघांचे गडी. मे महिन्यात पाइप पुरले. चोपण एका पावसात जात नाही, त्याला काही हंगाम लागतील. पण पहिल्या वळवानंतर पाइपाच्या तोंडातून ओढ्यात पडणारी पाण्याची धार बघायला अण्णाच आधी गेले होते.

तुमच्या शिवारातही असा एखादा चर अडला असेल. त्यासाठी कुणी हॉलंड गाठायला नको. भडंगाची एक पुडी घ्या आणि शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन बसा.