बालाबुष्का

उंची 58 इंच, म्हणजे पाच फुटांना दोन इंच कमी. वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. अंगाने शिडशिडीत. टोकाशी जेमतेम 13 मिलिमीटर जाड, तिथून खाली हळूहळू भरत जाऊन बुडाशी मूठभर. वरचा अर्धा भाग फिकट पिवळसर मेपलचा, नुसता, काहीही नक्षी नसलेला. खालच्या अर्ध्यातही मेपलच, पण त्यात काळ्या लाकडाची चार लांब टोकं खालून वर घुसलेली आणि त्या टोकांच्या कडेने रंगीत लाकडाच्या कागदाएवढ्या पातळ पट्ट्या. हाताच्या जागी आयरिश लिननचा दोरा घट्ट गुंडाळून, दाबून बसवलेला. मध्यावर स्टेनलेस स्टीलचं कडं. जुने पूल खेळणारे ज्याचं नाव अदबीने घेतात, तो बालाबुष्का क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, हा असा. चांदी आणि शिंपले जडवलेले, याच्याहून कितीतरी नटलेले क्यू नंतर झाले. मला मात्र क्यू म्हटलं की डोळ्यांसमोर हाच येतो.

नाव बनवणाऱ्याचं. जॉर्ज बालाबुष्का 1912 साली रशियात जन्मला, 1924 मध्ये अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कमध्ये लाकूडकामावर पोट भरू लागला. पूलचा नाद होताच. 1959 मध्ये त्याने भागीदारीत ब्रुकलिनला एक पूल-हॉल घेतला, तिथे क्यू दुरुस्त करता करता बनवू लागला, आणि मित्रांना दिलेल्या क्यूंची कीर्ती खेळाडूंमध्ये पसरत गेली. 1975 साली तो गेला. या सोळा वर्षांत त्याच्या हातून हजार-बाराशेच क्यू झाले.

मला या माणसाबद्दल सर्वांत आवडते ती गोष्ट अशी, की क्यूवरची ती देखणी टोकं त्याने स्वतः कापलेली नव्हती. सुरुवातीला तो ब्रन्सविक कंपनीचे 'टायटलिस्ट' क्यू घ्यायचा. हे अखंड, एका तुकड्याचे, पूल-हॉलच्या भिंतीवर कोणाच्याही हाताला लागावेत म्हणून ठेवलेले. ते कापून त्यातून तो आपला क्यू उभा करायचा. पुढे शिकागोच्या बर्टन स्पेनकडून आणि पेनसिल्व्हेनियाच्या गस झॅम्बोटीकडून टोकं बसवलेले तयार ठोकळे घेऊ लागला. मग बालाबुष्काचं असं त्यात काय राहिलं? राहिला सांधा, राहिला तोल, आणि वरच्या भागासाठी, शाफ्टसाठी, निवडलेलं लाकूड. डोळ्याला दिसतं ते पुष्कळसं दुसऱ्याचं, हाताला लागतं ते त्याचं.

सांध्यापासूनच बघू. क्यू दोन तुकड्यांत पिशवीतून निघतो, खालचा बट आणि वरचा शाफ्ट. बटच्या तोंडातून एक स्क्रू बाहेर आलेला असतो, 5/16 इंच जाडीचा, इंचाला 14 आटे. शाफ्टच्या बुडात पितळेचा भाग बसवलेला, त्याची पुढे आलेली कड बटच्या स्टीलच्या कड्यात शिरते. शाफ्ट फिरवत गेलं की सगळे आटे सहज उतरतात आणि अगदी शेवटी, शेवटचा फेरा पुरा होताना, किंचित अडतात. त्या अडण्यात कारागीर दिसतो. सैल बसलेला सांधा अडतच नाही. फार घट्ट असला तर दोन्ही हातांनी पिळावा लागतो आणि वर्षभरात स्टीलच्या कडेशी लाकडाला केसाएवढी भेग दिसू लागते. चांगला सांधा बसला की बोट फिरवून बघावं, स्टील कुठे संपलं आणि लाकूड कुठे सुरू झालं ते फक्त गारव्यावरून कळतं.

या स्टीलमुळे वजन थोडं पुढे सरकतं. बुडापासून साधारण 18-19 इंचांवर बोट धरलं तर क्यू आडवा तोलून राहतो. मागचा हात त्याच्या थोडा मागे पडतो, आणि शॉटला हात पुढे जाताना क्यू स्वतःहून पुढे जायला बघतो, ढकलावा लागत नाही. माझा क्यू मूळ बालाबुष्का नाही. मुळांना आज लाखो रुपये पडतात आणि ते बहुतेक संग्राहकांच्या कपाटांत आहेत. माझा त्याच मापांचा, त्याच सांध्याचा, एका कारागिराने हाताने केलेला आहे. पण वजनाची ही पुढची ओढ त्यातही उतरली आहे, आणि पहिल्यांदा हातात घेतल्यावर मला जी जाणवली ती हीच.

आता मुख्य गोष्ट. पूलवाले ज्याला 'हिट' म्हणतात ती.

चामड्याची टिप आणि पांढरा बॉल यांची भेट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकते. तेवढ्यात काय व्हायचं ते होऊन जातं. हाताला धक्का लागल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, म्हणजे आपल्याला 'हिट' जाणवते तेव्हा बॉल केव्हाच सुटलेला असतो. त्या जाणिवेने तो शॉट सुधारत नाही, बिघडतही नाही. हे कळल्यावर पुष्कळजण म्हणतात, मग हिटला एवढं महत्त्व कशाला द्यायचं? मी उलट म्हणतो. क्यूने शॉट मारून द्यावा अशी अपेक्षाच नाही. मी काय केलं ते त्याने मला लगेच आणि खरं सांगावं. दिवसभरात शेकडो शॉट मारणाऱ्या खेळाडूला प्रत्येक शॉटनंतर असा खरा निरोप मिळत गेला, तर त्याचा हात सुधारतो. वाईट क्यू खोटं बोलतो किंवा गप्प बसतो.

हा बोलतो. मधोमध लागला तर आवाज आखूड, कोरडा, आणि मुठीत एक छोटा ठोका लागून तिथेच संपतो. कोपर ढळून टिप बाजूला लागली तर ठोक्यामागे बारीक थरथर येते, लिननच्या दोऱ्यावरून बोटांच्या पेरांपर्यंत. बॉल मुद्दाम खाली मारला, मागे ओढून आणण्यासाठी, आणि हात नीट पुढे गेला, तर थरथर नसते, टिपने बॉलला धरून सोडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात धरून ठेवायला वेळच नसतो, पण मला तसं वाटतं आणि त्या वाटण्यावर मी भरवसा ठेवतो. टिपला लावलेला चॉक उडालेला असला तर आधी आवाज बदलतो, बॉल कुठे गेला ते नंतर दिसतं.

हे बोलणं नुसत्या सांध्याचं नाही. टिपच्या खाली फेरूल असतं, पांढरं छोटं टोपण, जुन्या क्यूंत अनेकदा हस्तिदंताचं. आज हस्तिदंत नको, आणि त्याशिवाय काही अडतही नाही. पुढच्या चार-सहा इंचांत आवाजाचा बराचसा स्वभाव ठरतो, टिप कठीण की मऊ यावर तर फारच. बटमधल्या टोकांचं लाकूड बदललं तर वजन बदलतं, नूर थोडा बदलतो, बॉलला त्याचा पत्ता लागत नाही. काळ्या एबनीऐवजी शिसव घालणारे कारागीर खूप आहेत. आपल्या सह्याद्रीतली शिसव अमेरिकन क्यू-कारागिरांच्या फळीवर 'ईस्ट इंडियन रोजवुड' म्हणून असते. मला तिचा जांभळट तपकिरी रंग फार आवडतो आणि केवळ त्या आवडीसाठी जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. पण त्याने 'हिट' सुधारते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

आमच्या टेबलावर आणखी दोन क्यू असतात. एक लाकडाला लाकूड भिडणारा, स्टीलच्या कड्याशिवाय, 3/8 इंचाच्या जाड स्क्रूचा. त्याचा तोल मागे, आवाज खोल. ठोका लागला की तो थोडा रेंगाळतो, सगळं लाकूड एकसंध हलल्यासारखं. हळू, नाजूक शॉटला तो फार छान. ज्यांचा हात मऊ त्यांनी तोच घ्यावा. जोराच्या शॉटला मात्र तो सगळं एकदम सांगतो आणि त्यातलं नेमकं काय चुकलं ते मला वेगळं काढता येत नाही.

दुसरा कार्बन फायबरच्या शाफ्टचा. क्यूच्या जगात गेल्या तीस वर्षांत झालेला मोठा बदल याच दिशेचा आहे. बॉलला साइड दिली, म्हणजे मधोमध न मारता डावी-उजवीकडे मारलं, की बॉल नेमाच्या रेषेवरून किंचित विरुद्ध बाजूला निसटतो. डाव्या अंगाला मारला तर उजवीकडे. किती निसटेल हे शाफ्टच्या पुढच्या काही इंचांच्या वजनावर ठरतं. तिथे वजन जास्त, तर बॉललाच जास्त बाजूला व्हावं लागतं. प्रेडेटर कंपनीने 1990च्या दशकात शाफ्टचं पुढचं टोक हलकं करून हे डिफ्लेक्शन कमी केलं, आणि 2016 मध्ये 'रेव्हो' हा कार्बन शाफ्ट आणला. आज स्पर्धांत कार्बन सर्रास दिसतो. कार्बन वाकत नाही, ओलावा पीत नाही, पुसला की झालं. जुलैत पुण्याची हवा दमट होते तेव्हा माझा मेपलचा शाफ्ट ब्रिजच्या, म्हणजे क्यूला पुढे टेकू देणाऱ्या हाताच्या, बोटांत चिकटतो, दर दोन-चार शॉटनंतर कोरड्या फडक्याने घासावा लागतो. मुंबईत तर विचारू नये. शाफ्ट टेबलावर लोळवून खाली प्रकाशाची फट वरखाली होते का हे मी पावसाळाभर बघत असतो. त्या दिवसांत कार्बनवाल्यांचा हेवा वाटतो, हे खरं.

पण डिफ्लेक्शनची गोष्ट जाहिरातीत सांगतात तेवढी एकतर्फी नाही. समजा, मधोमध मारायचं ठरवलं आणि हात वाकडा गेला, टिप बाजूला लागली. क्यू तिरका गेल्याने बॉल एका बाजूला जाऊ बघतो, डिफ्लेक्शन त्याला दुसऱ्या बाजूला ढकलतं. ब्रिजचा हात टिपपासून ठरावीक अंतरावर असला तर या दोन चुका एकमेकींना खोडतात आणि जोरात मारलेला शॉट जवळपास सरळच जातो. साध्या मेपलच्या शाफ्टला हे अंतर पुष्कळांच्या नेहमीच्या ब्रिजच्या जवळपास येतं. कमी डिफ्लेक्शनच्या शाफ्टला ते लांब पडतं, तेवढा लांब ब्रिज कोणी घेत नाही. म्हणजे जाणूनबुजून साइड देताना कार्बन सोपा, आणि नकळत साइड लागली तर जुना मेपल सांभाळून घेतो. घरातल्या आत्यासारखा आहे तो. चूक पोटात घालते, पण ऐकवल्याशिवाय राहत नाही. बॉल पॉकेटात गेलेला असतो, आणि मुठीतली थरथर सांगत असते की हात ढळला होता.

कार्बन हे सांगत नाही. त्याच्या पोकळ नळीत आवाज मारायला फोम भरलेला असतो, आणि चांगला शॉट, वाईट शॉट, सगळ्यांना तो जवळपास एकाच सुरात उत्तर देतो. ज्याचा हात घडलेला आहे त्याला याची गरज नसेल. ज्याचा घडायचा आहे त्याने निदान पहिली काही वर्षं मेपलवर काढावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे क्यूची ओळख झाली ती बिलियर्ड्स आणि स्नूकरकडून. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने 1958 मध्ये बिलियर्ड्सचं हौशी जागतिक अजिंक्यपद मिळवलं तेव्हापासून इथे ॲशच्या लाकडाचा क्यू हाच क्यू. साडेनऊ-दहा मिलिमीटरची टिप, पितळी फेरूल, लाकडावर बाणासारख्या उभ्या रेषा. पूलचा बॉल 57 मिलिमीटरचा आणि वजनदार, स्नूकरचा 52.5. त्यामुळे स्नूकरवरून पूलकडे येणाऱ्याला 13 मिलिमीटरची टिप आधी बोजड वाटते. त्याला बॉलचा मध्य दिसेनासा होतो. थोडे दिवस जाऊ द्यावेत. ब्रिजच्या बोटांतून टिपपासून दहा-बारा इंच शाफ्टची जाडी सारखीच सरकत राहते, पुढे-मागे कुठे अडत नाही, हे अंगवळणी पडलं की ॲशचा निमुळता क्यूच उलट अनोळखी वाटू लागतो.

बालाबुष्काचं नाव पूलबाहेर पोहोचलं ते 1986च्या 'द कलर ऑफ मनी'मुळे. पॉल न्यूमन त्यात टॉम क्रूझला बालाबुष्का देतो. पडद्यावर दिसतो तो क्यू मात्र जॉस कंपनीचा, बालाबुष्कासारखा दिसावा म्हणून निवडलेला. त्यानंतर मुळांच्या किमती चढत गेल्या आणि नकलाही वाढल्या. मला वाईट याचं वाटतं, की ज्या क्यूची सगळी गुणवत्ता हाताला कळण्यात आहे, तो आता काचेमागे ठेवून डोळ्यांनी पारखला जातो.

मूळ क्यूचे काही मालक मधला रस्ता काढतात. जुना बट, मूळ शाफ्ट कपाटात, आणि खेळायला त्याच आट्यांचा नवा कार्बन शाफ्ट. बसतो तो, काही अडचण येत नाही. मी ते करणार नाही. मूळ शाफ्ट घासून घासून फार बारीक झाला तर त्याच मापाचा मेपल कोणा चांगल्या कारागिराकडून करून घ्यावा, लाकूड सावकाश, टप्प्याटप्प्याने उतरवलेलं, मधे महिनोन्‌महिने टांगून वाकतं का ते बघितलेलं. वेळ लागेल, दोन शाफ्ट वायाही जातील. टिप तर दर वर्षी बदलावीच लागते. तेवढं करून मालकाने त्या क्यूने खेळावं, आठवड्यातून एकदा का होईना.