कागदावरचे कुटुंब आणि घरातले कुटुंब

आपल्या वस्तीतला एखादा मुलगा अमेरिकेला निघाला की सत्कार होतो, हार पडतात, फोटो निघतात. ते व्हायलाच हवे. ज्यांच्या आजोबांनी गिरणीत नि रेल्वेच्या कारखान्यात अंग झिजवले, त्यांची नातवंडे संगणकाच्या बळावर परदेशात नोकरी करतात, ही काय लहान गोष्ट आहे? पण भगिनींनो, त्यानंतर घरात जे कागदांचे दप्तर उघडते, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. गेली दहा वर्षे मी ते दप्तर जवळून पाहत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे कुटुंब म्हणजे मी, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे हे, मुलगा, सूनबाई आणि नात. एका चुलीवर जेवणारी पाच माणसे. अमेरिकेच्या कायद्याला मात्र हे कुटुंब पाच माणसांचे दिसत नाही. २०१६ साली मुलाला एच-वन-बी हा कामाचा व्हिसा मिळाला. त्याच्या जोडीने घरच्यांना मिळतो तो एच-फोर व्हिसा. तो फक्त नवरा किंवा बायकोला आणि २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलांना. आईवडिलांना त्यात जागाच नाही. आमच्या घराचे दोन तुकडे पहिल्याच कागदावर झाले.

हा व्हिसा मुलाने मागितला म्हणून मिळत नाही. त्याच्यासाठी अर्ज करते ती कंपनी. वर्षाला ६५ हजार जागा, आणि अमेरिकेतल्या विद्यापीठाची वरची पदवी असलेल्यांसाठी आणखी २० हजार. अर्ज त्याहून फार जास्त, म्हणून सोडत निघते. मुदत साधारण ३ वर्षांची, ती वाढवून ६ वर्षांपर्यंत नेता येते. त्यापुढे राहायचे तर कंपनीने कायम वास्तव्यासाठी, म्हणजे ग्रीन कार्डासाठी, कागद पुढे सरकवलेले असावे लागतात.

आता सूनबाईचे ऐका. ती इथे सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. कायम नोकरी, स्वतःचा पगार, स्वतःचे पासबुक. एच-फोरवर गेलेल्या बायकोला तिकडे नुसत्या त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. नातेवाईक म्हणाले, "नवरा डॉलर कमावतो, मग हिला काय कमी?" सूनबाई माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "आई, मला खायला कमी पडेल म्हणून मी रडत नाही. उद्या कुणी विचारलं, तू काय करतेस, तर काय सांगू?" मला उत्तर सुचेना. माझ्या सासूने शेण थापत मुले शिकवली, मी शिवणयंत्रावर पाय मारत शिकवली. आमच्या घरात हाताला काम नसलेली बाई कधी झालीच नाही.

ह्यांनी मात्र शांतपणे तोड काढली. म्हणाले, "पोरी, रजा टाक, राजीनामा टाकू नकोस." ती २०१८ साली बिनपगारी रजा घेऊन नातीसह गेली. २०१५ पासून तिकडे असा नियम आहे, की नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा पहिला मोठा टप्पा, म्हणजे कंपनीने केलेला आय-१४० हा अर्ज, मंजूर झाला की एच-फोरवरच्या बायकोलाही कामाचा परवाना मागता येतो. तो अर्ज २०१९ साली मंजूर झाला, तेव्हाच तिने इथला राजीनामा पाठवला. २०२० मध्ये परवाना हाती आला. पण इथली परिचारिका तिकडे आपोआप परिचारिका होत नाही. तिथल्या राज्याचा परवाना लागतो आणि एनक्लेक्स नावाची परीक्षा द्यावी लागते. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन तिने अभ्यास केला आणि २०२१ साली ती पास झाली. आज ती तिकडच्या दवाखान्यात रुग्णसेवा करते.

मग सगळे गोड झाले का? नाही. २०२३ साली मुलाच्या कंपनीने माणसे कमी केली, त्यात त्याचे नाव आले. अशा वेळी कायदा जास्तीत जास्त ६० दिवस देतो. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल केला तर ठीक, नाहीतर देश सोडण्याची तयारी. बायकोचे राहणे, तिचा परवाना, मुलीची शाळा, सारे नवऱ्याच्या त्या एका नोकरीच्या खुंटीला टांगलेले. ४७ व्या दिवशी दुसरी नोकरी लागली. ते ४७ दिवस ह्यांनी कॅलेंडरवर एकेक खूण करून काढले.

आणि आता जिवाला लागलेली गोष्ट सांगते. नात २०१४ साली मुंबईत जन्मली. नातू २०१९ च्या डिसेंबरात तिकडे जन्मला. तो जन्माने अमेरिकन नागरिक, आणि त्याची सख्खी बहीण बापाच्या व्हिसावरची पाहुणी! नोकरीच्या मार्गाने वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे देतात. त्यात बायकामुलेही मोजली जातात, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के. देश लहान असो की भारताएवढा मोठा, माप तेच. म्हणून आपल्या लोकांची रांग दहा वर्षांहून अधिक लांबली आहे. अर्ज तपासायला लागलेले काही दिवस मुलांच्या वयातून वजा होतात, पण तेवढ्याने भागेलच असे नाही. २०३५ साली नात २१ वर्षांची होईल. तोवर बापाचा नंबर लागला नाही तर ती त्याच्या कागदातून बाहेर पडेल आणि तिला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागेल.

आम्हा म्हाताऱ्यांचा हिशेब तर विचारूच नका. ग्रीन कार्डवाल्याला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही, त्यासाठी नागरिक व्हावे लागते. ग्रीन कार्डानंतर त्याला साधारण ५ वर्षे लागतात. नागरिकाच्या आईवडिलांना संख्येची मर्यादा नाही हे खरे, पण तोवर आम्ही ८० ओलांडू. भावाबहिणीला बोलवायचे तर रांग पंधरा वर्षांहून मोठी. "दादा गेला, आता तो सगळ्यांना नेईल" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नातवाच्या वेळी मी गेले ती पाहुण्यांच्या बी-टू व्हिसावर. या व्हिसात अधिकारी आधी असेच धरून चालतो, की हा माणूस कायमचा राहायला निघाला आहे. परत येणार हे आपण पटवून द्यायचे असते. एका एजंटाने सल्ला दिला, मुलगा तिकडे आहे हे लिहू नका, बँकेत चार दिवस उसने पैसे दाखवा. आम्ही त्याला दारातूनच परत पाठवले. खोटे सापडले तर पुढे कायमची बंदी येऊ शकते. मी मुलाखतीत सरळ सांगितले, सुनेचे बाळंतपण आहे, इथे ह्यांची पेन्शन आहे, घर आहे, धाकटी लेक आहे.

खरी दमछाक झाली ती कागद जुळवताना. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख आपल्यात किती जणांची आहे! आमचीही दोघांची तीच. ह्यांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि नोकरीच्या पुस्तकात दुसरे. मुलाचे लग्न बुद्धवंदना घेऊन पांढऱ्या वस्त्रांत लागले, विहारातून प्रमाणपत्रही मिळाले. पण परदेशी कचेरीला सरकारी निबंधकाचा दाखला लागतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा बौद्धांनाही लागू आहे, त्यामुळे आपल्या पद्धतीच्या लग्नाचीही नोंद होते. ती लग्नाच्या महिन्यातच करावी. नावातला फरक राजपत्रातून दुरुस्त करून घ्यावा. जन्माची नोंदच नसेल तर ती उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळेचा दाखला आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे आताच जमवावीत. वडीलधारे कायमचे राहत नाहीत.

नियम बदलतात हेही लक्षात असू द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी देशाबाहेरच्या माणसासाठी होणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलर भरण्याचा आदेश काढला. शेजाऱ्याचा मुलगा २०१६ मध्ये कसा गेला, यावर आपल्या मुलाचे गणित मांडू नका. सरकारी माहिती ताजी वाचा आणि कंपनीच्या वकिलाकडून प्रत्येक मंजुरीची प्रत मागून घ्या.

आणि निर्णय घेताना सुनेला मधोमध बसवा. तिला विचारा, तुझ्या कामाचे काय? परवाना कधी मिळेल, तोवर तू काय शिकशील, तुझ्या नावावर पैसे किती असतील? मुलगा जातो तो नोकरीला जातो. सून जाते ती नोकरी सोडून जाते. तिच्या हातचे काम टिकले, तर ६० दिवसांची वेळ आली तरी घर कोसळत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.