खाच आणि नक्षी

राळेगावच्या काळ्या मातीवर घर बांधायचं म्हणजे हलत्या जमिनीवर बांधायचं. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर विदर्भाचं ऊन. विटांची भिंत आणि काँक्रीटचा बीम त्या तापात सारखे वाढत नाहीत, म्हणून दोघांच्या सांध्यावर गिलावा तडकतो. जाणता मिस्त्री तिथे जाळी ठोकतो आणि गिलावा ओला असतानाच सरळ खाच काढतो. तडा गेलाच तर खाचेत लपतो, आणि तीच खाच उन्हात भिंतीवर सावलीची रेघ ओढते. छज्ज्याखालच्या कडेची खाचही तशीच. पाणी तिथे अडून थेंबाथेंबानं खाली पडतं, भिंतीवर ओघळत नाही. आजच्या वास्तूचा अलंकार मला या जागी दिसतो. ‘एलेव्हेशन’ म्हणून शेवटी चिकटवलेल्या टाइल्स आणि पॅनेलांना मागच्या सांध्याशी काही देणंघेणं नसतं. भिंत हलली की त्या सुटू लागतात.

हेमाडपंती देवळं घडवणाऱ्यांनी बांधकाम आणि अलंकार यांची ही फारकत मानलीच नव्हती. कपोताची, म्हणजे छज्जासारख्या पुढे आलेल्या थराची, बाकदार कड पाऊस भिंतीपासून दूर टाकते. अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारी पन्हळ अनेक ठिकाणी मकराच्या मुखातून निघते. पाण्याची वाट कुठे संपते आणि शिल्प कुठे सुरू होतं, हे तिथे सांगता येत नाही. याउलट वास्तुकार अडॉल्फ लूसनं 1910 साली व्हिएन्नातल्या व्याख्यानात अलंकाराला गुन्हा ठरवलं, ते वाया जाणाऱ्या श्रमांच्या कळवळ्यानंही. कापसाच्या भावावर घराचं बजेट ठरणाऱ्या मुलखात तो कळवळा मला पटतो. पण खाचेला थोडीच जास्त मजुरी लागते. खरा खर्च वरून चढवलेल्या दर्शनी भागाचा असतो.

याहून अवघड आक्षेप वर्धा नदीपलीकडे, सेवाग्रामात उभा आहे. गांधीजी तिथे 1936 साली राहायला आले. बापूकुटीच्या मातीच्या भिंतींवर त्यांच्या शिष्या मीराबहेननी ताडाची झाडं उठावात काढली. ती ना पाणी अडवतात ना तडा लपवतात. मग अलंकारानं कामाला यायलाच हवं, हा आग्रह कशाला? तो मी धरत नाही. त्या ताडांची माती भिंतीचीच आहे, सारवणारा हात त्यांच्यावरूनही फिरतो, आणि भिंत जपली की तेही जपले जातात. घरमालकाला दारावर मोर हवा असेल तर जरूर असावा. फक्त तो गिलाव्यातच घडावा. त्यासाठी मिस्त्रीला नकाशा हाती देतानाच विचारायला हवं. गिलावा वाळल्यावर त्याच्या हातात करण्यासारखं फारसं उरत नाही.