ईयोबाचे मित्र

ज्या ग्रंथाच्या आधारावर मीं तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकविलें, तो ग्रंथ मीं स्वतः कधीं वाचलाच नव्हता, हें कबूल करतांना लाज वाटते. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्यें पावलोपावलीं बायबल येतें. तें आलें कीं मी टीपांचें पुस्तक उघडीत असें, आणि त्यांतील दोन ओळी आपल्याच व्यासंगाचें फळ असल्याच्या थाटानें विद्यार्थ्यांना सांगत असें. सेवानिवृत्ति जवळ येऊं लागली तशी ही उसनवारी मनांत सलूं लागली, आणि गेल्या वर्षीं 1 जानेवारीला मीं ‘उत्पत्ती’पासून आरंभ केला.

प्रॉटेस्टंट परंपरेच्या प्रतींत 66 पुस्तकें व 1189 अध्याय असतात. रोज तीन-चार अध्याय वाचले म्हणजे वर्षांत ग्रंथ संपतो. एका बाजूस 1611 सालचें इंग्रजी भाषांतर आणि दुसऱ्या बाजूस पंडिता रमाबाईंचें मराठी, अशी मांडामांड पहाटे चाले. (रमाबाई 1922 सालीं वारल्या; त्यांचें हें काम पुस्तकरूपानें 1924 सालीं बाहेर पडलें.) “या वयांत कुठल्या परीक्षेला बसायचें ठरलें आहे?” असा प्रश्न स्वयंपाकघरांतून एकदां आलाच.

‘उत्पत्ती’ भराभर वाचून झाली. ‘लेवीय’मध्यें यज्ञविधींच्या अरण्यांत वाट चुकलों. ‘इतिहासा’च्या पहिल्या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे बहुतेक वंशावळच, तीं पानें मीं चक्क उलटलीं. पण त्र्यंबकेश्वरीं उपाध्यायांच्या वहींत पणजोबांचें नांव सांपडलें तेव्हां आपले डोळे भरून आले होते, याची आठवण झाली आणि निमूटपणें मागें वळलों.

मे महिन्याच्या मध्यावर, उकाड्यांत, ‘ईयोब’ आला. या सज्जनाची संपत्ति, मुलें आणि प्रकृति हीं एकामागून एक जातात. तिघे मित्र दुरून येतात, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसून राहतात. कोणी एक शब्द बोलत नाहीं. पुढें ईयोबाचा बांध फुटतो आणि मग ते बोलूं लागतात! त्यांचें बोलणें वाईट नाहीं. तें विद्वत्तेचें आहे, पापाचें फळ भोगावें लागतें असें सांगणारें आहे, आपल्याकडील पूर्वसंचिताच्या भाषेहून फारसें दूर नाहीं. वादळांतून बोलणारा देव ईयोबालाही खडसावतो. पण शेवटीं त्याचा कोप होतो तो या मित्रांवर.

तेथें मीं पुस्तक मिटलें. पांच वर्षांपूर्वी माझ्या एका सहकाऱ्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा गेला. तिसऱ्या दिवशीं मी त्यांच्याकडे गेलों आणि अर्धा तास बोललों. गीतेचा दुसरा अध्याय झाला, आत्म्याचें अमरत्व झालें, ओघांत टेनिसनही आला. ते “हो, खरें आहे” म्हणत होते. दृष्टि मात्र दाराजवळच्या मुलाच्या चपलांवर होती. त्यांना धीर दिल्याच्या समाधानांत मी घरीं परतलों. पुढें त्यांनीं माझ्याबरोबर फिरावयास येणें सोडलें. त्याचें कारण मीं त्यांच्या दुःखांत शोधलें, माझ्या व्याख्यानांत नव्हे.

ग्रंथ डिसेंबरअखेर संपला. त्या सहकाऱ्यांकडे मात्र मी मे महिन्यांतच गेलों. आम्ही ओट्यावर बसलों. बऱ्याच वेळानें त्यांनींच विचारलें, “हल्लीं काय वाचतां?” मीं ईयोबाची गोष्ट सांगितली. शेवटीं देव त्याला मेंढरें व उंट दुप्पट देतो, आणि पूर्वीप्रमाणेंच पुन्हां सात मुलगे व तीन मुली होतात, हेंही सांगितलें.

“आणि पहिलीं दहा?” त्यांनीं विचारलें.

मला उत्तर सुचलें नाहीं. दिवेलागणीपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलों.