दोन आकाशें

ज्या गांवाला जुगाराची कीर्ति लाभली आहे, तेथें सज्जन मनुष्य बहुधा बाजारहाटाच्या निमित्तानें जातो. मीहि मकावला तसाच गेलों. १५५७ पासून पोर्तुगीजांनीं वसविलेलें, १८४४ पर्यंत गोव्याच्या आधिपत्याखालीं असलेलें आणि १९९९ च्या डिसेंबरांत चीनकडे परत गेलेलें हें बंदर.

समुद्र बुजवून केलेल्या कोताईच्या भूमीवर २००७ सालीं एक नकली व्हेनिस उभें राहिलें. प्रचंड कॅसिनोच्या जोडीला छपराखालीं कालवे, त्यांत नावा, दुतर्फा दुकानें आणि वर रंगविलेलें निळें आकाश! तेथें सांज कधींच होत नाहीं. ज्याला घराची आठवण होऊं द्यावयाची नाहीं, त्याच्या डोक्यावर असेंच आकाश हवें.

जुन्या शहरांतील सेंट पॉलच्या चर्चची १८३५ च्या आगीनंतर केवळ दर्शनी भिंत उरली. तिच्यावर चिनी अक्षरेंहि कोरलेलीं आहेत. रिकाम्या खिडक्यांतून खरें आकाश दिसतें, आणि तें दिवेलागणीला काळवंडतें. त्या भरल्या महालापेक्षां ही पोकळ भिंत मला अधिक प्रामाणिक वाटली. दिवस मावळला, हें तरी ती कोणापासून लपवीत नाहीं.