तापलेले इंजिन, थंड डोके

कसारा स्थानकावरून नाशिककडे प्रवासी नेणारी ती जुनी डिझेल जीप सकाळी पहिल्याच प्रयत्नात सुरू होई. परंतु घाट चढून तापलेले इंजिन एकदा बंद केले, की सेल्फ लागत नसे. चावी फिरवली की नुसता 'टक्' असा आवाज येई. अर्धा तास थांबले, तर तीच जीप काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होई. चालक मग उतार पाहूनच गाडी उभी करी. उतार न मिळाल्यास प्रवाशांना धक्का मारावा लागे. हळूहळू प्रवासी 'धक्क्याची जीप' टाळू लागले. एका गॅरेजमध्ये बॅटरी बदलून झाली. पैसे गेले, दोष तसाच राहिला.

शेवटी इगतपुरीजवळच्या एका गॅरेजात चालकाने कैफियत मांडली. "नवा सेल्फ घाला," वृद्ध मिस्त्री म्हणाले. किंमत ऐकून चालक गप्प झाला. तेवढ्यात हाताखालचा मुलगा पुढे आला. आठवीत शाळा सुटलेला हा मुलगा मुक्त विद्यालयातून दहावीची तयारी करीत होता. तो भीतभीतच म्हणाला, "चाचा, एकदा मीटर लावून बघू का?"

"बघ. पण गाडी न्यूट्रलला ठेव आणि हँडब्रेक ओढ."

एके काळी मोटार सुरू करणे हे मनगटाच्या बळाचे काम होते. हँडल फिरवताना उलटा झटका बसला, तर हातही मोडे. चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि हे संकट टळू लागले. स्टार्टरवरील सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्यातून वीज वाहिली, की त्याचे चुंबक होते. ते आतील लोखंडी दांडा ओढते. त्यामुळे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते आणि मोटरचा मोठा विद्युत्प्रवाह जोडला जातो. मात्र तांबे तापले, की त्याचा रोध वाढतो. ३० अंशांची तार ९० अंशांवर गेली, तर रोध एक पंचमांशाहून अधिक वाढतो. प्रवाह घटतो आणि चुंबकाची ओढही मंदावते.

मुलाने गरम इंजिनावरच तपासणी केली. चालकाने चावी फिरवून धरली, तेव्हा बॅटरीवर १२.२ व्होल्ट दिसले. सोलेनॉइडच्या लहान टोकाशी मात्र केवळ ८.५. उरलेला दाब वाटेतच खर्च होत होता. मग त्याने बॅटरीच्या धन टोकापासून त्या लहान टोकाला क्षणभर थेट तार लावली. इंजिन तत्काळ सुरू झाले! सोलेनॉइड निर्दोष होता. झिजलेला चावीचा स्विच आणि जुनी लांब तार हेच खरे दोषी होते. सकाळी थंड वेटोळे कमी दाबावरही कसेबसे काम भागवी. दुपारी त्याचा रोध वाढला, की तेवढे बळ पुरत नसे.

मिस्त्रींनी स्वतः स्टार्टरजवळ एक रिले बसवला. आता चावीने केवळ रिलेला इशारा द्यायचा; सोलेनॉइडला लागणारी वीज बॅटरीवरून, फ्यूज लावलेल्या जाड व आखूड तारेने येणार होती. गंजलेले अर्थिंगही त्यांनी घासून स्वच्छ केले. इंजिन पुन्हा पुरते तापवून दहा वेळा बंद-चालू करून पाहिले. दहाही वेळा सेल्फ लागला. खर्च नव्या सेल्फच्या मानाने अगदी थोडा आला.

"सेल्फ थकला नव्हता, तार थकली होती," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी मीटर त्या मुलाच्याच हाती ठेवला. अनुभवाने बोलण्याची सवय झालेल्या माणसाला, तपासल्यावाचून बोललो हे मान्य करणे सोपे नसते. बिघाड दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे. त्याचा माग काढण्याआधीच भाग बदलत राहिले, तर खिसा रिकामा होतो आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो.

परतीच्या वाटेवर चालकाने चहाच्या टपरीसमोर जीप थांबवली, तीही सपाट जागेवर. आणि चावी फिरवून निःशंक मनाने इंजिन बंद केले.